कौन्सिल हॉलमधले एक सभासद

१२ मार्च १९२७. मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात शिक्षणखात्याच्या खर्चावर चर्चा चालू होती आणि बोलायला उभे राहिले डॉ. भीमराव आंबेडकर. वय पस्तीस. निवडून आलेले नव्हते, सरकारने नेमलेले होते. शपथ घेऊन महिनाही झाला नव्हता. त्यांनी सरकारपुढे दोन आकडे ठेवले. इलाख्यात शिक्षणावर दरडोई खर्च होतात चौदा आणे. आणि अबकारीतून, म्हणजे दारूसारख्या मालावरच्या करातून, सरकार दरडोई वसूल करतं दोन रुपये दोन आणे नऊ पै. लोकांकडून अबकारीत जेवढं घेता, निदान तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

माझी सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. त्यामुळे हे भाषण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी आधी पेन्सिल घेतली. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै, म्हणजे दोन रुपये दोन आणे नऊ पै होतात पावणेपस्तीस आणे. चौदाच्या जवळजवळ अडीचपट. अंदाजपत्रक लाखांत आणि कोटींत छापलेलं असतं, आणि त्या लाखांत माणूस दिसेनासा होतो. बाबासाहेबांनी ती रक्कम माणशी आणून ठेवली. एका बाजूला त्या माणसाच्या पोरासाठी सरकारने घातलेले चौदा आणे, दुसऱ्या बाजूला त्याच्याच खिशातून काढलेले पावणेपस्तीस. त्याच भाषणात आणखी एक आकडा आहे. प्राथमिक शाळेत नाव घातलेल्या दर शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात अठरा. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात, आणि तोवर त्यांच्यावर केलेला खर्चही वाया जातो. म्हणजे सरकारला त्यांनी सरकारच्याच काटकसरीच्या भाषेत उत्तर दिलं.

या भाषणानंतर आठ दिवसांनी, २० मार्चला, बाबासाहेब महाडला चवदार तळ्यावर होते.

आमच्या वस्तीत महाड सगळ्यांना पाठ आहे. पण त्या सत्याग्रहामागे कौन्सिलचा एक ठराव होता, हे फार थोडे सांगतात. कौन्सिलचे सभासद सी. के. बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मंजूर करून घेतला होता. महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं होतं. पाण्याला मात्र कुणी हात लावू शकत नव्हतं. सभागृहाने म्हटलेलं रस्त्यावर खरं करून घ्यायला माणसांना चालत जावं लागलं, आणि चालत जाताना हातात सभागृहाचा ठराव होता म्हणून त्यांच्या पायांना कायद्याचं बळ होतं. बाबासाहेबांना या दोन्ही जागा कळत होत्या. एक तापली की दुसरीकडे कसं जायचं, हेही कळत होतं.

आपण त्यांना घटनाकार म्हणून ओळखतो. पुतळ्याच्या हातातही राज्यघटनाच असते. मला मात्र गेल्या काही वर्षांत त्या आधीच्या बाबासाहेबांची फार ओढ लागली आहे. १९२७ ते १९३९, मुंबईच्या विधिमंडळातले एक सभासद. आजच्या बोलीत आमदारच म्हणा. आधी दहा वर्षं नेमलेले, मग १९३७ मध्ये मुंबईतून निवडून आलेले. या सगळ्या काळात ते एकदाही सत्तेत नव्हते. सुरुवातीला त्यांच्या बाजूचे म्हणावेत असे डॉ. सोळंकी सोडले तर जवळपास कुणी नव्हतं. त्यांची त्या काळातली भाषणं, प्रश्न, विधेयकं महाराष्ट्र शासनाने १९८२ साली छापलेल्या, त्यांच्या लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात एकत्र आहेत. जाडजूड खंड आहे, घरोघर कपाटात आहे, हार घातलेल्या फोटोखाली आहे. वाचलेला मात्र कमी दिसतो.

मी तो वाचायला लागले ते कौन्सिल हॉलमुळे.

पुणे स्टेशनवरून कॅम्पाकडे येताना लागणारी ती जुनी इमारत आणि तिचं आवार पुणेकरांना माहीत आहे ते विभागीय आयुक्तांचं कार्यालय म्हणून. पालकमंत्र्यांच्या बैठका तिथे होतात, पदवीधर मतदारसंघाचे अर्ज तिथे भरतात, महसुली अपिलांच्या तारखा तिथे लागतात. ताडीवाला रोडवर वाढलेल्या आम्हा पोरांसाठी ती झाडांची, पोलिसांची आणि आत न जाण्याची जागा होती. पुढे भावकीतल्या जमिनीच्या अपिलाची तारीख लागली म्हणून मी आत गेले. बाकावर पुकाऱ्याची वाट बघत बसले असताना शेजारच्या एका वयस्कर वकिलांनी सहज सांगितलं, "मॅडम, इथं विधिमंडळ भरायचं. पावसाळी अधिवेशन पुण्यातच असायचं पूर्वी." इंग्रज अधिकारी पावसाळ्यात मुंबई सोडून पुण्याला येत आणि त्यांच्यामागून सगळं सरकार येई, कौन्सिलसुद्धा. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी कोकणातली खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं ते पुण्याच्याच अधिवेशनात.

पुण्याला विधिमंडळातल्या माणसांचा वारसा जुना आहे. न्यायमूर्ती रानडे कौन्सिलात होते. लोकमान्य टिळक १८९५ पासून होते, १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्याने ते संपलं. गोखले १९०१ साली जमीन महसुलाच्या विधेयकावरून फिरोजशहा मेहतांबरोबर सभागृहातून उठून बाहेर पडले. या तिघांच्या आठवणी शहराने नीट जपल्या आहेत, आणि ते योग्यच आहे. त्याच मालिकेत बाबासाहेबांचं विधिमंडळातलं काम का घेतलं जात नाही, हा प्रश्न मला पडतो. त्यांचं पुणं म्हणजे येरवड्याचा तुरुंग आणि पुणे करार, एवढ्यावरच आपण थांबतो.

खरं तर पुणे करारसुद्धा आमदारांबद्दलच होता. २४ सप्टेंबर १९३२ च्या त्या कागदाचा गाभा काय? प्रांतांच्या कायदेमंडळांत अस्पृश्य वर्गासाठी १४८ जागा, त्यांतल्या सिंधसह मुंबई इलाख्याला १५, आणि त्या कशा निवडायच्या. गांधीजींचे प्राण पणाला लागलेले, देशभर घालमेल, आणि वाटाघाटीच्या मुळाशी प्रश्न हा, की या जागांवर बसणारा माणूस कुणाच्या मतांनी निवडून येणार आणि म्हणून कुणाला बांधलेला राहणार. हा प्रश्न अजून सुटला असं मला वाटत नाही. पुणे कॅन्टोन्मेंट आणि पिंपरी हे आज आपल्याकडचे राखीव मतदारसंघ. तिथे निवडणूक आली की चर्चा होते ती उमेदवार कुणाचा माणूस आहे याची. तो सभागृहात कुणासाठी उभा राहील, हे विचारणारे थोडे.

करारानंतर दोनच आठवड्यांनी, ६ ऑक्टोबरला, बाबासाहेब सभागृहात ग्रामपंचायत विधेयकावर बोलत होते. एवढं मोठं वादळ अंगावरून गेलेलं, विश्रांती घेतली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण विधेयक आलं होतं आणि त्यात आपल्या लोकांना जागा नव्हती. गावात मूठभर असलेल्या, जमिनीसाठी आणि भाकरीसाठी इतरांवर अवलंबून असलेल्या माणसांना नुसत्या मतदानाच्या हक्काने पंचायतीत शिरता येणार नाही, राखीव जागा लागतील, असं ते सांगत राहिले. गावाच्या हाती न्यायनिवाड्याचे अधिकार द्यायलाही त्यांचा विरोध होता. गावाकडच्या एकोप्याच्या गोष्टी ज्यांना आवडतात त्यांना हे भाषण कडू लागेल. मला ते शब्दन् शब्द खरं वाटतं, कारण माझ्या माहेरचं मूळ गाव पुरंदर तालुक्यातलं आणि आमचं घर गावाच्या कडेला होतं. पंचायतीत अनुसूचित जातींना जागा राखून ठेवण्याची तरतूद राज्यघटनेत आली ती त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने. मधे साठ वर्षं गेली होती.

आता वतनाबद्दल, म्हणजे पिढीजात गावचाकरी आणि तिच्या बदल्यात मिळालेली जमीन याबद्दल. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण हा माझ्या घरचा विषय आहे.

माझा आजा येसकर होता. पाळी आली की घोंगडी खांद्यावर आणि काठी हातात. सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवायचं, चावडीवर माणसं बोलावून आणायची, कुणी मेलं की सोयऱ्यांच्या गावी सांगावा न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं. मोबदला म्हणून इनामाचा तुकडा, तोही भावकीत वाटून गुंठ्यांवर आलेला, आणि दारोदार फिरून मिळणारं बलुतं. आजी सांगायची, एकदा आजा तापाने फणफणला होता आणि गावात मामलेदाराचा मुक्काम पडला. चावडीवरून बोलावणं आलं. आजा उठेना, तर माझ्या वडिलांना नेलं. त्यांचं वय दहा-अकरा. त्यांनी सामानाचं गाठोडं डोक्यावर घेऊन कऱ्हा ओलांडली. आजी हे सांगताना चिडत नसे. तसंच असायचं, म्हणायची.

म्हणून, बाबासाहेबांनी १९२८ साली सभागृहात याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं हे वाचताना मला पुस्तक बाजूला ठेवावं लागलं. वतनदार महार चोवीस तास सरकारचा बांधील, आणि तो नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणालाही धरून नेता येतं, असं त्यांनी सांगितलं. सभागृहातल्या बहुतेकांना हे ठाऊक नसेल. ठाऊक असलेल्यांना त्यात काही गैर वाटत नसेल. माझ्या बापाच्या डोक्यावरचं ते गाठोडं सरकारी कागदावर कुणीतरी मांडलं होतं, आणि माझ्या आजीला ते कधी कळलं नाही.

१८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करणारं ते विधेयक त्यांनी १९ मार्च १९२८ रोजी मांडलं. ते वाचताना माझ्यातल्या हिशेबनिसाला फार समाधान मिळतं. भावनेवर काही सोडलेलं नाही. ज्यांना वतन सोडायचं असेल त्यांनी पूर्ण सारा भरून जमीन ठेवावी आणि चाकरीतून मोकळं व्हावं. बलुत्याऐवजी रोख उपकर बसवून त्यातून पगार द्यावा. कामं कोणती आणि किती, ते नियमांत लिहून ठेवावं. गुलामी संपवण्याची भाषा न करता गुलामीचे आर्थिक खिळे एकेक करून उपसायचे, अशी ती रचना. सरकारला धास्ती पडली ती खर्चाची. फुकट मिळणारी चाकरी पगारावर आणायची तर पैसा कुठून आणायचा? विधेयक छाननीसाठी सभागृहाच्या प्रवर समितीकडे गेलं, तिथे त्याचं रूप पालटलं, आणि शेवटी १९२९ मध्ये ते मागे घ्यावं लागलं. १९३७ मध्ये नव्या विधानसभेत त्यांनी ते पुन्हा आणलं. तेव्हाही मंजूर झालं नाही.

महारवतनं कायद्याने गेली ती कनिष्ठ गाववतनं रद्द करणाऱ्या १९५८ च्या कायद्याने. पहिलं विधेयक मांडल्यापासून तीस वर्षं. बाबासाहेब त्याच्या दोन वर्षं आधी गेले होते. आमच्या आज्याने छप्पन्नच्या धर्मांतरानंतर ढोरं ओढणं स्वतःहूनच बंद केलं होतं. कायद्याने जमिनी आधी सरकारजमा झाल्या आणि कब्जेहक्काची रक्कम भरणाऱ्यांना परत मिळाल्या. पण सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन असा शेरा लागला, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकायची नाही. ज्या अपिलासाठी मी कौन्सिल हॉलच्या बाकावर बसले होते ते याच जमिनीचं.

खोतीचंही असंच झालं. खोत म्हणजे सरकार आणि कुळ यांच्यामधला वसुलीचा मालक. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत कुळांच्या घामाचा मोठा वाटा त्याच्या घरात जाई. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून जमिनी पडीक ठेवून संप चालवला होता, उपासमार काढत. बाबासाहेबांचं विधेयक या लोकांच्या पाठीवर उभं होतं. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातून आलेल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला, त्यात महारही होते आणि कुणबीही. बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ सत्तेवर होतं, शिष्टमंडळाला भेट मिळाली, विधेयक मात्र पुढे सरकलं नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

म्हणजे आमदार म्हणून बाबासाहेबांच्या नावावर काय जमा झालं? मंजूर करून घेतलेली विधेयकं मोजली तर काहीच नाही म्हणावं लागेल. संपावर बंधनं घालणारं १९३८ चं औद्योगिक तंट्यांचं विधेयक त्यांनी जिवाच्या आकांताने अडवायचा प्रयत्न केला. संप करण्याचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, असं त्यांनी सभागृहात मांडलं, ७ नोव्हेंबरला कामगारांचा एक दिवसाचा संपही झाला, आणि विधेयक बहुमताने मंजूर झालं. गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या रजेचं १९२८ चं विधेयक दुसऱ्या सभासदाचं होतं. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला, आईला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचं हित आहे, सरकारनेही भार उचलला पाहिजे, असं बजावलं. १९२९ मध्ये तो कायदा झाला, पण त्यावर नाव त्यांचं नाही.

माझं मत असं की विधिमंडळातल्या माणसाचं काम मोजायची आपली मापंच चुकीची आहेत. किती वेळा निवडून आला, मंत्री झाला का, निधी किती आणला. आमच्या भागात निवडणुकीच्या वेळी वाटले जाणारे कार्यअहवाल मी नीट वाचते. सवयच आहे. त्यांत सभामंडप असतात, पेव्हर ब्लॉक असतात, ड्रेनेजच्या लाइनी, व्यायामशाळा. ड्रेनेज तुंबलं की जीव जातो हे मला ताडीवाला रोडच्या माणसाने सांगायला नको, त्या कामाला मी कमी लेखत नाही. पण ते मुळात नगरसेवकाचं आणि महापालिकेचं काम आहे. आमदाराला आम्ही मुंबईला पाठवतो ते कायदा करायला, अंदाजपत्रकातला पैसा कुठे गेला ते विचारायला. किती तारांकित प्रश्न विचारले, कोणत्या लक्षवेधीवर बोलला, कोणत्या कपात सूचनेवर सरकारला धारेवर धरलं, हे त्या अहवालांत मला फारसं सापडत नाही. आणि छापलं नाही म्हणून तक्रार करणारा मतदारही मला भेटलेला नाही.

दुसऱ्या खंडात प्रश्नोत्तरंही आहेत. अमुक जिल्ह्यात अस्पृश्यांना नोकऱ्या किती, पोलिसात भरती का नाही, पडीक जमिनी कुणाला दिल्या. उत्तरं बहुधा तुटक, माहिती गोळा करत आहोत छापाची. पण विचारलेला प्रश्न दप्तरी राहतो. तीस वर्षांनी, पन्नास वर्षांनी कुणीतरी वाचतं. हरलेलं विधेयकही दप्तरी राहतं, कलमांसकट, म्हणजे पुढे कायदा करणाऱ्याला कोऱ्या कागदापासून सुरुवात करावी लागत नाही. २३ ऑक्टोबर १९२८ रोजी पुण्यातच बाबासाहेबांची सायमन कमिशनपुढे साक्ष झाली. कमिशनबरोबर काम करायला नेमलेल्या कौन्सिलच्या प्रांतिक समितीत ते होते, पण समितीच्या अहवालावर सही न करता त्यांनी मे १९२९ मध्ये स्वतंत्र अहवाल दिला. त्यात प्रत्येक प्रौढाला मताचा हक्क मागितला आहे. जमीन-जुमला आणि शिक्षण बघून मत देणाऱ्या त्या काळात ही मागणी अनेकांना अव्यवहार्य वाटली असणार. एकवीस वर्षांनी तीच सगळ्या देशाची रीत झाली. घटना समितीत गेलेला माणूस अचानक उगवला नव्हता. अल्पमतात बसून, कलमावर कलम लढवत आणि हरत, बहुमत कसं वागतं हे त्याने एक तप पाहिलं होतं. अल्पसंख्याकांच्या संरक्षणाबद्दल ते घटना समितीत इतक्या खात्रीने बोलले, त्याची मुळं मला मुंबईच्या आणि पुण्याच्या त्या सभागृहांत दिसतात.

आमच्या बुद्धविहारात रविवारी मुलांचा अभ्यासवर्ग असतो. मी तिथे हा खंड घेऊन बसते. भाषणं इंग्रजीत आहेत, मुलं अडखळत वाचतात, मी मराठीत सांगते. चौदा आण्यांचं भाषण सगळ्यांना आवडलं. आणे म्हणजे काय ते फळ्यावर लिहून दाखवावं लागलं, मग पोरांनी स्वतःच भागाकार केला. वतनाच्या विधेयकाला मी तीन रविवार दिले. संततिनियमनाच्या ठरावाची चर्चा आली, १९३८ ची, तेव्हा थोरल्या मुली पुढे सरकून बसल्या.

त्यांतली एक कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने मागच्या महिन्यात विचारलं, "आज्जी, आपले आत्ताचे आमदार काय बोललेत, ते असंच वाचायला मिळेल का?" मिळतं. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कार्यवाही असते. तिने तिथेच फोनवर शोधायला घेतली, दोघी-तिघी तिच्या खांद्यावरून डोकावायला लागल्या. आता आम्ही आमच्या मतदारसंघाचा कागद वेगळा काढतोय: तारीख, विषय, प्रश्न, मंत्र्यांचं उत्तर, असे चार रकाने. पहिल्या रकान्यात नोंदी येऊ लागल्या आहेत. चौथ्या रकान्यातली उत्तरं मी मुलींना मोठ्याने वाचायला सांगते, आणि प्रत्येक आकडा दरडोई करून घ्यायला लावते.